बाळंतिणीच्या मनाची विचारपूस

आपल्या समाजांत बाळंतपणाइतकें जपून केलें जाणारें दुसरें घरगुती कार्य क्वचितच असेल. सातव्या महिन्यांत ओटी भरली जाते, डोहाळे विचारले जातात, पहिल्या खेपेस मुलीला माहेरीं आणलें जातें, आणि मूल जन्मास आलें कीं सव्वा महिना तिला गार पाण्यांत हातहि घालूं दिला जात नाहीं. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतकाढा, शेकशेगडी, तेलाचें मर्दन, ऊन पाण्याचें स्नान, यांपैकीं एकाहि गोष्टीचा विसर पडूं नये म्हणून घरांतील वडील बायका डोळ्यांत तेल घालून जपत असतात. या रिवाजांना आज कोणी नांवें ठेवोत. परंतु नुकत्याच प्रसूत झालेल्या स्त्रीला विश्रांति हवी, चांगलें अन्न हवें आणि भोंवतीं मायेचीं माणसें हवींत, हें आपल्या आज्या-पणज्यांनीं पक्कें ओळखलें होतें, याबद्दल आम्हांला आदरच वाटतो. तथापि या सर्व व्यवस्थेंत एक गोष्ट राहून गेली आहे. बाळंतिणीचें अंग शेकलें जातें, पोट बांधलें जातें, कानांना रुमाल गुंडाळला जातो. तिच्या मनाकडे मात्र कोणी पाहत नाहीं. तें आनंदांत आहे, असें आपण सर्वांनीं आधींच ठरवून टाकलेलें असतें.

या विषयावर लिहिण्याचें आम्हीं मनावर घेतलें, त्याला कारण आमच्याच घरांत घडलेला एक प्रसंग होय. तो सांगण्यास संबंधितांची संमति आहे. आणि त्यांत जो दोष आहे तो आमचा आहे, म्हणून तो लपविण्याचेंहि कारण उरत नाहीं.

गेल्या वर्षीं आमची पुतणी पहिल्या बाळंतपणासाठीं पुण्यास आमच्या घरीं आली. चांगली शिकलेली, नोकरी करणारी, जात्याच हंसतमुख अशी ही मुलगी. प्रसूति सुखरूप झाली. मुलगी झाली, ती गुटगुटीत आणि सर्वांना हवीहवीशी. जांवई सालस, सासरचीं माणसें समजूतदार. दहा-बारा माणसांच्या आमच्या घरांत त्या एका पाळण्याभोंवतीं दिवसभर कोणी ना कोणी असे. बारशाच्या दिवशीं येणाऱ्या प्रत्येक बाईनें बाळंतिणीला तेच तीन प्रश्न विचारले: बाळ रात्रीं झोपतें का, दूध पुरतें का, आणि वजन किती भरलें? "तूं कशी आहेस?" हा चौथा प्रश्न कोणाच्या तोंडून निघाल्याचें आम्हांला आठवत नाहीं. आमच्याहि तोंडून तो निघाला नाहीं.

पुढें ती हळूहळू अबोल झाली. आम्ही म्हणालों, जागरणें होत आहेत. ती मधूनमधून रडूं लागली. आम्ही म्हणालों, ओली बाळंतीण आहे, चालायचेंच. सहा आठवडे झाल्यावर बाळाला लस टोंचण्यासाठीं तिला दवाखान्यांत नेलें, तेव्हां तेथील परिचारिकेनें तिच्या हातीं दहा प्रश्नांचा एक छापील कागद दिला. बाळ मांडीवर असल्यामुळें आमच्या वहिनींनीं तो आपल्याकडे घेतला, आणि भरलेल्या व्हरांड्यांत एकेक प्रश्न मोठ्यानें वाचून मुलगी सांगेल त्या उत्तरापुढें खूण केली. हंसूं येतें का? येतें. उगाच भीति वाटते का? नाहीं. शेवटच्या प्रश्नाला तर, "छे, असें कुठें असतें का!" म्हणून दोघीहि हंसल्या. वहिनींनीं कागद समाधानानें परत केला. त्यांनीं जें केलें तें केवळ मदत म्हणून केलें. पण आईनें विचारलेल्या प्रश्नाला, चारचौघांदेखत, दुसरें उत्तर कोणती मुलगी देईल?

बाळ-बाळंतिणीला न्हाऊमाखूं घालण्यासाठीं आमच्याकडे एक वयस्क मावशी येत असत. सव्वा महिना उलटला तरी त्यांचें येणें चालू होतें. त्या फारशा शिकलेल्या नाहींत. परंतु तीस-पस्तीस वर्षांत शेंकडों बाळंतिणी त्यांच्या हातांखालून गेल्या आहेत. दवाखान्यांतून आल्यावर आठवड्याभरानें, एके सकाळीं न्हाणीघराचें दार लावून पाठीला तेल चोळतां चोळतां त्यांनीं विचारलें, "पोरी, बाळ निजल्यावर तरी तुला झोप लागते का गं?" समोर कोणी नाहीं, पाठीवर हात आहे, आणि ऐकणारी बाई नात्यांतली नव्हे. इतके दिवस अडकून राहिलेलें सारें त्या एका प्रश्नासरशीं बाहेर आलें. "मावशी, बाळ निजलें तरी मी जागीच असतें. हें बाळ माझें आहे असें मला वाटतच नाहीं. माझ्यावांचून त्याचें जास्त बरें होईल, असें रात्रभर मनांत येतें."

मावशी तडक स्वयंपाकघरांत आल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, आजपासून पोरीला एकटी ठेवूं नका. हें थकव्याचें रडणें नव्हे. अशी एक बाळंतीण मीं पूर्वीं पाहिली आहे. तिचें पुढें काय झालें, तें मला विचारूं नका." वहिनी मटकन खालीं बसल्या, आणि त्यांच्या तोंडून पहिला उद्गार निघाला तो हा: "पण आम्हीं तिला काय हो कमी केलें?"

हा उद्गार आम्ही मुद्दाम येथें नोंदवितों; कारण आमच्या मतें सगळी अडचण त्यांतच आहे. मुलीला ताप आला असता तर "आम्हीं काय कमी केलें?" असें कोणी विचारलें नसतें. मन आजारी पडलें कीं मात्र तो घरावर ठेवलेला ठपका वाटतो. आईला वाटतें, माझी माया कमी पडली. सासूला वाटतें, आमचा छळ झाला असें लोक म्हणतील. नवऱ्याला वाटतें, माझ्यांतच कांहीं उणें आहे. आणि बाळंतीण स्वतः, एवढी सगळीं माणसें आपल्यासाठीं राबत असतां आपण उदास आहों, या विचारानेंच अधिक खचते आणि गप्प बसते. म्हणून हा आजार काय आहे, तें प्रथम नीट समजून घेतलें पाहिजे.

बाळंतिणीच्या मनाच्या तक्रारी तीन निरनिराळ्या प्रतीच्या असतात, आणि त्यांची गल्लत करूं नये. पहिली अगदीं सामान्य. प्रसूतीनंतर तिसऱ्या ते पांचव्या दिवसाच्या सुमारास निम्म्याहून अधिक बायकांना उगाच रडूं येतें, चिडचिड होते, घटकेंत हंसूं व घटकेंत आंसूं अशी अवस्था होते. शरीरांतील स्रावांचें प्रमाण एकाएकीं उतरतें, त्यांत जागरणाची भर पडते. धीर व विश्रांति मिळाली कीं दोन आठवड्यांच्या आंत हें आपोआप नाहींसें होतें. दुसरी तक्रार म्हणजे खरें नैराश्य. यांत उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकते, कशांतच गोडी वाटत नाहीं, बाळ निजलें तरी डोळा लागत नाहीं, स्वतःला दोष देण्याचा चाळा लागतो, आणि कधीं कधीं जीव नकोसा होतो. हें नैराश्य पहिल्या महिन्यांत दिसेल, किंवा सहा महिन्यांनींहि दिसेल. तिसरा प्रकार विरळा, हजारांत एका-दोघींना होणारा, परंतु अत्यंत घोर. पहिल्या एक-दोन आठवड्यांतच बाळंतीण भलतें बोलूं लागते, नसलेले आवाज ऐकते, घरच्यांचा किंवा बाळाचाच संशय घेते, आणि रात्रंदिवस न झोंपतांहि तिला थकवा जाणवत नाहीं. येथें अंगारे-धुपारे करीत एक दिवसहि न दवडतां तिला त्याच दिवशीं मोठ्या रुग्णालयांत नेलें पाहिजे.

हा रोग आजच्या फाजील शिक्षणाचा किंवा नोकरीचा परिणाम आहे, असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांस इतकेंच सांगावयाचें, कीं लुई-व्हिक्टर मार्से या फ्रेंच वैद्यानें गरोदर स्त्रिया, नवप्रसूता व अंगावर पाजणाऱ्या माता यांच्या मनोविकारांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला तो १८५८ सालीं. तेव्हां कोणत्या मुली नोकरीस जात होत्या? १९६८ सालीं ब्राइस पिट या मानसवैद्यानें लंडनमधील बाळंतिणींचा अभ्यास करून, दहांतील एकीला तरी असें नैराश्य येतें व तें बहुधा कोणाच्या लक्षांत येत नाहीं, हें दाखवून दिलें. आपल्याकडेहि बाळंतरोग हा शब्द जुनाच आहे. फरक इतकाच, कीं मनाचें दुखणें आपण कधीं थकव्यांत, कधीं दृष्ट लागण्यांत आणि कधीं बाहेरच्या बाधेंत जमा केलें.

आपल्या देशांत याचें प्रमाण किती, हा प्रश्न साहजिक आहे. २०१७ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकांत, भारतांतील ३८ अभ्यासांतल्या २०,०४३ मातांची माहिती एकत्र करून काढलेला निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणें हें प्रमाण सुमारें २२ टक्के, म्हणजे पांच मातांत एक, असें भरतें. आपल्या शेजारच्या गोव्यांत डॉ. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज व नंदिता डिसोझा यांनीं म्हापसें येथील रुग्णालयांत गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत असलेल्या २७० स्त्रियांची नोंद केली, आणि प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनीं व पुन्हां सहा महिन्यांनीं त्यांची विचारपूस केली. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासांत २३ टक्के मातांना नैराश्य आढळलें. त्यांतील निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनींहि बऱ्या झालेल्या नव्हत्या. अशा मातांचीं बाळें सहाव्या महिन्यांत वजनांत व वाढींत मागें पडलेलीं दिसलीं. जी गोष्ट आपण केवळ बाळासाठीं करतों असें म्हणतों, ती बाळाच्या आईला विसरून होत नाहीं, याचा यापेक्षां स्पष्ट पुरावा कोणता पाहिजे?

याच अभ्यासांतील आणखी दोन गोष्टी प्रत्येक घरानें ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. ज्यांना पुढें नैराश्य आलें त्यांपैकीं ७८ टक्के स्त्रियांचें मन गरोदरपणांतच अस्वस्थ होतें. म्हणजे ज्या दिवसांत आपण डोहाळे पुरवीत होतों, त्याच दिवसांत दुखण्याची सुरुवात झालेली होती. दुसरी गोष्ट अशी, कीं गरिबी, नवऱ्याशीं न पटणें, आणि मुलगा हवा असतां मुलगी होणें, यांचा या आजाराशीं निकटचा संबंध दिसून आला. शिकल्या-सवरलेल्या घरांतून मुलगी झाल्याबद्दल उघड कोणी नाक मुरडीत नाहीं. परंतु "पहिली बेटी, धनाची पेटी" हें वाक्य ज्या सांत्वनाच्या सुरांत म्हटलें जातें, तो सूर बाळंतिणीच्या कानाला बरोबर कळतो.

मातांना स्वतःला या आजाराची कितपत जाणीव असते? गोव्यांतील त्याच संशोधकांनीं मातांशीं सविस्तर बोलून पाहिलें, तेव्हां त्या आपलें दुःख चांगलें वर्णन करीत; परंतु तो एक आजार आहे असें न समजतां, पैशाची ओढाताण, नवऱ्याचें वागणें, घरांतील जाच, यांचाच तो भाग मानीत. आमच्या पुतणीला 'डिप्रेशन' हा शब्द ठाऊक होता. त्यावर तिनें व्याख्यानेंहि ऐकलेलीं होतीं. तरी मागाहून ती म्हणाली, "काका, मला आजार झाला आहे असें एकदांहि वाटलें नाहीं. मी वाईट आई आहें, एवढेंच वाटत होतें." ज्ञान असणें आणि तें स्वतःला लागू करतां येणें या भिन्न गोष्टी आहेत, आणि ज्या आजाराचें लक्षणच स्वतःला दोष देणें हें आहे, त्यांत रोग्यानें आपण होऊन वैद्याकडे जावें ही अपेक्षा व्यर्थ होय. म्हणूनच कोणीतरी पुढें होऊन विचारलें पाहिजे.

विचारण्याचें एक साधन म्हणजे वर सांगितलेला दहा प्रश्नांचा कागद. जॉन कॉक्स, जेनिफर होल्डन व रूथ सॅगोव्हस्की या तिघांनीं तो स्कॉटलंडमध्यें तयार करून १९८७ सालीं प्रसिद्ध केला. एडिंबरो शहराच्या नांवानें तो जगभर ओळखला जातो. गेल्या सात दिवसांत हंसूं आलें का, पुढच्या गोष्टींची ओढ वाटली का, विनाकारण स्वतःला दोष दिला का, भीति वा धास्ती वाटली का, रडूं आलें का, अशा स्वरूपाचे ते प्रश्न असून शेवटचा प्रश्न जिवाचें बरेंवाईट करण्याच्या विचारासंबंधीं आहे. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण; बेरीज तीसपर्यंत जाऊं शकते. दहा किंवा तेराच्या वर बेरीज गेल्यास, आणि शेवटच्या प्रश्नाला किंचितहि होकार आल्यास बेरीज कितीहि असो, पुढील तपासणी करावयाची. या कागदाची खुबी अशी, कीं थकवा, भूक, अंगदुखी यांविषयीं त्यांत मुळींच विचारलेलें नाहीं. कारण तीं दुखणीं प्रत्येक बाळंतिणीला असतातच.

हा कागद म्हणजे केवळ एक चाळणी आहे, हें मात्र विसरूं नये. पीठ चाळलें म्हणजे चाळणींत जें वर राहतें तें सगळेंच टाकाऊ नसतें. तें पुन्हां निवडून पाहावयाचें असतें. त्याप्रमाणें गुण अधिक आले म्हणजे आजार ठरला असें नव्हे, तर वैद्यानें शांतपणें बसून बोलण्याची गरज ठरली. आणि आमच्या पुतणीच्या उदाहरणावरून दिसेल, कीं गुण कमी आले म्हणजे सर्व आलबेल आहे असेंहि नव्हे.

या चाळणीविषयीं मातांचें स्वतःचें मत काय आहे, याची चौकशी इतरत्र झालेली आहे. २००३ सालीं इंग्लंडमध्यें ऑक्सफर्ड येथील ३९ मातांच्या मुलाखतींवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील निम्म्याहून कांहीं अधिक जणींना ही पद्धति फारशी रुचलेली नव्हती. त्यांची तक्रार प्रश्नांविषयीं कमी व विचारण्याच्या रीतीविषयीं अधिक होती. बाळांच्या गर्दीच्या दवाखान्यांत कागद भरणें त्यांना अवघड वाटलें. खुणा करण्यापेक्षां कोणाशीं तरी बोलावें असें त्यांना वाटत होतें. हें वाचतांना आमच्या डोळ्यांसमोर तो भरलेला व्हरांडा उभा राहिला. तज्ज्ञांतहि एकमत नाहीं. अमेरिकेंतील सरकारनियुक्त तज्ज्ञमंडळानें २०१६ सालीं गरोदर स्त्रिया व बाळंतिणी या सर्वांची अशी चाळणी करावी, मात्र पुढील निदान व उपचार यांची सोय असावी, अशी शिफारस केली. उलट कॅनडाच्या मंडळानें २०२२ सालीं, सर्वांना सरसकट कागद देऊन गुण मोजूं नयेत, वैद्यानें नेहमींच्या भेटींतच मनाची विचारपूस करावी, असा सल्ला दिला. दोन्ही पक्षांचें एका गोष्टीवर मात्र दुमत नाहीं: विचारणें आवश्यक आहे. वाद आहे तो कागदाचा.

आमच्या मतें आपल्या एकत्र कुटुंबांतून या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, जी परदेशच्या पुस्तकांत सांपडणार नाहीं. तेथील बाळंतीण एकटी असते, म्हणून खचते. आपल्याकडील बाळंतीण कधींच एकटी नसते, आणि म्हणून बोलूं शकत नाहीं. दवाखान्यांत जातांना आई किंवा सासू बरोबर असते, फोनवर बोलतांना कोणीतरी खोलींत असतें, नवरा भेटीस आला तरी दार उघडेंच राहतें. जो गोतावळा तिचा आधार आहे, तोच तिच्या तोंडावर हातहि ठेवतो. म्हणून वैद्यांना आमची विनंति आहे, कीं हे प्रश्न विचारतांना बरोबरच्या मंडळींस पांच मिनिटें बाहेर बसवावें. आणि घरच्या वडील बायकांना विनंति आहे, कीं त्यांनीं यांत आपला अपमान न मानतां बाळाला घेऊन आपण होऊन बाहेर जावें.

दुसरा मुद्दा वेळेचा. एकदां विचारून भागत नाहीं. सातव्या महिन्यांत विचारावें, सहाव्या आठवड्यांत विचारावें, आणि पुढें बाळाच्या लसीच्या वेळीं पुन्हां विचारावें. आपल्या राज्यांत यासाठीं एक वाट तयार आहे. गडचिरोलींत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनीं घरोघरीं जाऊन नवजात बालकांची काळजी घेण्याची जी पद्धति सिद्ध केली, तिचे निष्कर्ष १९९९ सालीं प्रसिद्ध झाले, आणि २०११ पासून ती देशभर सरकारी कार्यक्रमाचा भाग झाली. तीप्रमाणें दवाखान्यांत प्रसूत झालेल्या मातेच्या घरीं आशा कार्यकर्ती पहिल्या ४२ दिवसांत सहा वेळां जाते. बाळाचें वजन घेणाऱ्या या बाईला आईच्या मनाचे दोन प्रश्न नीट विचारण्यास शिकविलें आणि त्यासाठीं तिला योग्य तो मोबदला दिला, तर खेड्यापाड्यांतील किती मातांची सोय होईल! शहरांतील सुखवस्तु घरांत तर ही आशाहि येत नाहीं. तेथें न्हाऊ घालणारी मावशीच उपयोगी पडली.

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा: विचारून पुढें काय करावयाचें? उपाय नसतां दुखणें उघडें करणें हा निर्दयपणा होय. सुदैवानें या आजाराला उपाय आहे आणि तो चांगला लागू पडतो. पाकिस्तानांत रावळपिंडीजवळच्या खेड्यांतून, मानसशास्त्र न शिकलेल्या आरोग्यसेविकांनाच मातांशीं कसें बोलावें याचें शिक्षण देण्यांत आलें. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगांत, ज्या नैराश्यग्रस्त मातांकडे अशा सेविका गेल्या त्यांपैकीं सहा महिन्यांनीं २३ टक्के आजारी राहिल्या; इतर मातांत हें प्रमाण ५३ टक्के होतें. गोव्यांतहि त्याच धर्तीवर वस्तींतील अनुभवी स्त्रियांना 'सखी' म्हणून तयार करण्यांत आलें. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेला त्याचा लाभ बेताचाच होता, पण होता. आजार अधिक असेल तेथें औषधाची जोड द्यावी लागते. अंगावर पाजणाऱ्या मातेलाहि चालतील अशीं औषधें आहेत. तीं कोणतीं, हें वैद्यानें ठरवावें, शेजारणीनें नव्हे. रक्तक्षय किंवा गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीचा बिघाड यांमुळेंहि अशीच मरगळ येते, म्हणून रक्त तपासून घ्यावें.

बाळ हिरावून घेतील, या भीतीनें पुष्कळ माता खरें सांगत नाहींत. त्यांनीं हें जाणून असावें, कीं आपल्या देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणें, आई उपचारासाठीं संस्थेंत राहिली तरी तीन वर्षांखालील मूल तिच्यापासून सामान्यतः वेगळें करावयाचें नाहीं. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेंत २००९ पासून आई व बाळ यांना एकत्र ठेवून उपचार करणारा स्वतंत्र विभाग आहे. आणि ज्यांना कोठें जावें तें सुचत नाहीं, त्यांच्यासाठीं १४४१६ या क्रमांकावर 'टेली-मानस' ही सरकारी विनामूल्य सेवा २०२२ पासून रात्रंदिवस चालू आहे. जिवाचा विचार मनांत येत असेल, तर सकाळची वाट न पाहतां बोलावें, आणि घरच्यांनीं तिला एकटें न सोडतां त्याच दिवशीं वैद्याकडे न्यावें.

आमच्या पुतणीला त्याच दुपारीं मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलें. त्यांनीं आम्हां सर्वांना बाहेर बसवून तिच्याशीं पाऊण तास बोलणें केलें. औषध सुरू झालें, आठवड्यास एक भेट ठरली, रात्रींचें एक पाजणें वाटींतून करण्याचें काम जांवयांनीं आपल्याकडे घेतलें, आणि भेटीस येणाऱ्यांची रीघ आम्हीं बंद केली. फरक एकदम पडला नाहीं. पहिला महिना कठीणच गेला. परंतु चवथ्या महिन्यांत एके संध्याकाळीं ती मुलीला घेऊन गच्चीवर कोणाशीं तरी हंसत बोलत असलेली ऐकूं आली, आणि वहिनी जिन्याच्या पायरीवरच थांबल्या. त्यांनीं त्या वेळीं वर जाण्याचें टाळलें. गेल्या चार महिन्यांत त्या जें शिकल्या, तें सगळें त्या टाळण्यांत आम्हांला दिसलें.

वाचकांच्या घरीं आज ना उद्यां पाळणा हलेल. लाडू करा, शेगडी पेटवा, सटवाईची पूजाहि आपापल्या श्रद्धेप्रमाणें करा. त्यांत एवढी एकच भर घाला: रोज एकदां, बाळाला दुसऱ्याच्या हातीं देऊन, दार ओढून घेऊन, बाळंतिणीजवळ बसा आणि विचारा, "तूं कशी आहेस?" आणि ती "बरी आहें" म्हणाली कीं लगेच उठूं नका. थोडा वेळ बसून राहा.